विश्लेषण : नंदनवन नेमके कुणी बिघडवले? ‘द बीच’ कादंबरीवरून वाचकांत आजही दोन तट का?

थायलंडच्या एका बेटावर जगापासून लपून राहणाऱ्या तरुणांची गोष्ट सांगणारी ॲलेक्स गारलँडची ‘द बीच’ ही कादंबरी १९९६ मध्ये प्रकाशित झाली. जवळपास तीन दशकांनंतरही ती बॅकपॅकर्सच्या सॅकमध्ये आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत हमखास सापडते. तिच्यावरचे वादही तितकेच टिकून आहेत. या पुस्तकामुळे पहिल्यांदा एकट्याने प्रवासाला निघालो, असे सांगणारे वाचक आहेत आणि नायक इतका डोक्यात गेला की पुस्तक अर्ध्यावर सोडले, असे सांगणारेही आहेत. या मतभेदांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : बेटावरचे नंदनवन बिघडले, त्याला जबाबदार कोण? या कादंबरीवरचा चित्रपट ज्या किनाऱ्यावर चित्रित झाला, त्या माया बेमध्ये हाच प्रश्न पुढे प्रत्यक्षात उभा राहिला. (कादंबरी वाचायची असेल तर सूचना : पुढील मजकुरात कथानकाचा शेवट आला आहे.)

कादंबरीत काय घडते?

रिचर्ड हा विशीतला इंग्रज तरुण बँकॉकच्या खाओ सान रोडवरील एका स्वस्त गेस्टहाऊसमध्ये उतरतो. शेजारच्या खोलीतला माणूस स्वतःला ‘मिस्टर डक’ म्हणवतो. रात्री तो रिचर्डला एका गुप्त किनाऱ्याबद्दल सांगतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या दारावर हाताने काढलेला नकाशा सापडतो. मिस्टर डकने मात्र आत्महत्या केलेली असते. एतिएन आणि फ्रान्स्वाझ या फ्रेंच जोडप्याला सोबत घेऊन रिचर्ड को सामुईमार्गे निघतो. थायलंडच्या आखातातील आंग थोंग सागरी उद्यानात, जिथे पर्यटकांना मुक्कामाची परवानगी नाही, अशा एका बेटावर हे तिघे पोहून पोहोचतात. गांजाचे मळे आणि त्यावरील सशस्त्र पहारेकरी यांना चुकवून, धबधब्यावरून खाली उडी मारून ते अखेर त्या किनाऱ्यावर जातात.

तिथे वेगवेगळ्या देशांतून आलेले सुमारे ३० जण राहत असतात. कड्यांनी वेढलेले निळे पाणी, पांढरी वाळू आणि कुणाचीही कटकट नाही. पुढचे काही आठवडे खरोखर स्वर्गासारखे जातात. मग खराब स्क्विड खाल्ल्याने जवळपास सगळी छावणी आजारी पडते, शार्कच्या हल्ल्यात माणसे गमावली जातात आणि त्यानंतर सगळेच हाताबाहेर जाते.

या बेटावरची व्यवस्था कशी चालते?

कादंबरीचा मधला मोठा भाग याच तपशिलांचा आहे. काहींना तो संथ वाटतो, तर पुस्तक आवडलेल्यांना नेमका तोच लक्षात राहतो. छावणीत कामाच्या तुकड्या आहेत. कुणी मासे पकडते, कुणी भाजीचा मळा सांभाळते, कुणी सुतारकाम करते, कुणी स्वयंपाक. पैशाला किंमत नाही. सॅल ही अमेरिकन स्त्री या सगळ्यांची प्रमुख आहे. निवडणूक झालेली नाही, पण शेवटचा शब्द तिचाच. तिचा जोडीदार बग्स आणि तो आत्महत्या करणारा मिस्टर डक, हे तिघे या वसाहतीचे संस्थापक.

मात्र हे स्वयंपूर्ण जग प्रत्यक्षात स्वयंपूर्ण नाही. तांदूळ संपला की दोघांना बोट घेऊन को फांगान बेटावर जाऊन पोती आणावी लागतात. त्यासाठी लागणारा पैसा बाहेरच्या जगातलाच. गेम बॉयच्या बॅटऱ्याही तिकडूनच येतात. शिवाय बेटाचा अर्धा भाग गांजा पिकवणाऱ्यांच्या ताब्यात आहे आणि आणखी कुणीही येता कामा नये, ही त्यांची अट आहे. म्हणजे ज्या स्वातंत्र्याचा एवढा गवगवा आहे, ते बंदूकधाऱ्यांच्या मेहेरबानीवर उभे आहे.

म्हणून बेटाचा खरा कायदा एकच : कुणाला सांगायचे नाही. तिथला प्रत्येक जण कुणीतरी सांगितले म्हणूनच आलेला असतो, ही यातली गोम आहे.

रिचर्डवर वाचकांचा एवढा राग का?

कादंबरीबद्दलची सर्वात मोठी तक्रार रिचर्डबद्दल आहे. तो खोटे बोलतो, मित्राच्या मैत्रिणीवर डोळा ठेवतो, व्हिएतनाम युद्धाचे चित्रपट आणि व्हिडीओ गेम यांच्या चष्म्यातून खरी माणसे आणि खरा धोका बघतो. बेटावर निघण्याआधी को सामुईला भेटलेल्या दोन अमेरिकन तरुणांसाठी तो नकाशाची प्रत दाराखालून सरकवून जातो. त्याच नकाशाच्या आधारे ते पुढे येतात, पहारेकऱ्यांच्या हाती सापडतात आणि मारले जातात. अशा माणसाची गोष्ट चारशेहून अधिक पाने का वाचायची, असा या वाचकांचा सवाल आहे.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की रिचर्ड आवडावा यासाठी लिहिलेलाच नाही. गोष्ट त्याच्याच तोंडून येते आणि स्वतःबद्दलच्या वाईट गोष्टीही तो फारशा न लपवता सांगतो. आपण चित्रपटातले नायक आहोत असे समजून धोक्याशी खेळणारा तरुण आतून कसा विचार करतो, हे त्यामुळे कळते. बेटावरच्या जंगलात टेहळणी करताना मेलेला मिस्टर डक त्याला दिसू लागतो, गप्पा मारू लागतो. तिथून पुढे रिचर्डच्या सांगण्यावर किती विश्वास ठेवायचा, हेही वाचकाला ठरवावे लागते.

यात वयाचाही भाग आहे. विशीत हे पुस्तक वाचताना नकाशा, पोहून जाणे आणि धबधब्यावरची उडी लक्षात राहते. चाळिशीत तेच पुस्तक हातात घेतल्यावर आजारी माणसाचा तंबू आणि त्याला टाळून जाणारी माणसे दिसू लागतात. एकाच वाचकाची दोन मते होण्याचे कारण बहुतेकदा हेच असते.

सॅल खलनायिका आहे का?

शार्कच्या हल्ल्यात छावणीतील तीन स्वीडिश तरुणांपैकी स्टेनचा जीव जातो. ख्रिस्टो गंभीर जखमी होतो आणि कार्लचे मानसिक संतुलन ढळते. ख्रिस्टोला डॉक्टरकडे नेणे शक्य असते, कारण बोट आहे आणि माणसांची वस्ती असलेले बेटही गाठता येण्यासारखे आहे. पण रुग्णालयात नेले की प्रश्न विचारले जाणार आणि प्रश्न आले की गुपित फुटणार. त्याला नेले जात नाही. जेड त्याच्याजवळ बसून राहतो, एतिएन किनाऱ्यावर सुन्न बसलेल्या कार्लला खाऊ घालतो. बाकीचे हळूहळू पूर्वीसारखे हसू-खेळू लागतात.

हा प्रसंग वाचून अनेकांना सॅलच खरी गुन्हेगार वाटते. बेट वाचवण्यासाठी ती माणसे खर्ची घालते, हे खरे आहे. पण याच पानांवर दुसरा वाचकवर्ग बोट ठेवतो तो उरलेल्या पंचवीसेक जणांवर. सॅलकडे ना सैन्य आहे ना तुरुंग. तिचा निर्णय चालतो, कारण तो सगळ्यांच्या सोयीचा असतो. मरणाऱ्या माणसाकडे पाहिले नाही तर सुट्टी चालू ठेवता येते. कादंबरीतील सर्वात अस्वस्थ करणारी गोष्ट शार्क किंवा बंदुका नसून ही शांतपणे फिरवलेली पाठ आहे, असे पुस्तकाची बाजू घेणाऱ्यांचे मत आहे आणि त्यात तथ्य आहे.

कादंबरी थायलंडमध्ये, मग थाई माणसे कुठे?

हा आक्षेप अलीकडच्या वाचकांत अधिक दिसतो. चारशे पानांत थाई माणसे येतात ती गेस्टहाऊसमधला नोकर, दुकानदार, पोलीस किंवा गांजाच्या मळ्यावरचा पहारेकरी म्हणून. पहारेकऱ्यांना तर नावेही नाहीत. बेट थायलंडचे, उद्यान थायलंडचे, पण ‘आमचा किनारा’ म्हणणारे सगळे बाहेरून आलेले. स्त्री पात्रांबद्दलही अशीच तक्रार आहे. सॅल ठसठशीत आहे, पण फ्रान्स्वाझ मुख्यतः रिचर्डच्या नजरेतूनच दिसते.

यावर बचाव असा केला जातो, की हे आंधळेपण लेखकाचे नसून रिचर्डचे आहे आणि बॅकपॅकर संस्कृतीवरची टीका म्हणूनच ते दाखवले आहे. आपण ‘टुरिस्ट’ नव्हे तर ‘ट्रॅव्हलर’ आहोत असे मानणारी ही मंडळी प्रत्यक्षात देश बघतच नाहीत, फक्त त्याची पार्श्वभूमी वापरतात. हा बचाव बऱ्याच अंशी पटतो. तरीही एक उणीव उरते. पहारेकऱ्यांचा प्रमुख छावणीत येऊन बोलतो, तो प्रसंग सोडला तर त्या बेटावर आधीपासून असलेल्यांना या पाहुण्यांबद्दल काय वाटते, हे वाचकाला जवळपास कळत नाही.

‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’शी तुलना कितपत योग्य?

बेटावर अडकलेली माणसे आणि हळूहळू गळून पडणारी सभ्यता म्हटले की विल्यम गोल्डिंग यांची १९५४ मधील ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ आठवतेच. मराठी वाचकांना ती जी. ए. कुलकर्णी यांच्या अनुवादामुळेही परिचयाची आहे. ‘द बीच’ ही त्याच कादंबरीची नव्वदच्या दशकातील आवृत्ती आहे, असे म्हणणारे अनेक आहेत.

साम्य शेवटाजवळ सर्वाधिक जाणवते. बेटावरच्या उत्सवाच्या रात्री पहारेकरी मारलेल्या तरुणांचे मृतदेह छावणीत आणून टाकतात. नशेत आणि भीतीत असलेला जमाव आधी त्या मृतदेहांवर आणि नकाशा रिचर्डचा असल्याचे कळल्यावर त्याच्यावर तुटून पडतो. गोल्डिंग यांच्या शिकार करणाऱ्या मुलांची आठवण इथे होणे स्वाभाविक आहे.

पण दोन्ही कादंबऱ्यांत एक मोठा फरक आहे. गोल्डिंग यांची मुले विमान अपघातामुळे बेटावर अडकतात आणि सुटकेसाठी धुराचा जाळ पेटता ठेवण्याची धडपड करतात. गारलँडची माणसे प्रौढ आहेत, स्वतःच्या मर्जीने आली आहेत आणि कुणी आपल्याला शोधू नये म्हणून धडपडतात. त्यांच्याकडे परतीचे तिकीट आहे. त्यामुळे परिस्थितीने असे वागायला भाग पाडले, ही सबब त्यांना उपलब्ध नाही.

चित्रपट सरस की कादंबरी?

या वादात पुस्तकाचे पारडे बहुतेकदा जड असते. डॅनी बॉयल दिग्दर्शित ‘द बीच’ २००० मध्ये आला. ‘टायटॅनिक’च्या लाटेवर असलेला लिओनार्डो डिकॅप्रिओ रिचर्डच्या भूमिकेत होता, त्यामुळे इंग्रज रिचर्ड अमेरिकन झाला. सॅलची भूमिका टिल्डा स्विंटनने केली. कादंबरीत रिचर्डचे फ्रान्स्वाझवरचे प्रेम मनातच राहते. चित्रपटात त्यांचे प्रेमप्रकरण होते. उत्सवाच्या रात्रीचा रक्तरंजित शेवटही बदलून एका पिस्तुलाच्या प्रसंगावर आणला गेला.

या बदलांमुळे जमावाचा अपराध मागे पडतो आणि सॅल एकटीच दोषी दिसते, हा पुस्तकप्रेमींचा मुख्य आक्षेप आहे. चित्रपट पाहून पुस्तकाकडे वळलेले वाचक मात्र त्यातील पाण्याचा रंग आणि किनारा विसरू शकत नाहीत. पुढची गोष्ट याच किनाऱ्याची आहे.

माया बेचे काय झाले?

कादंबरीतले बेट थायलंडच्या आखातात आहे. चित्रीकरण मात्र दुसऱ्या बाजूला, अंदमान समुद्रातील फी फी ले बेटावरच्या माया बे या किनाऱ्यावर झाले. क्राबी प्रांतातील हा भाग राष्ट्रीय उद्यानात येतो. किनारा ‘अधिक नंदनवनासारखा’ दिसावा म्हणून वाळूचे उंचवटे यंत्रांनी सपाट करण्यात आले, तिथली मूळ झुडपे काढण्यात आली आणि नारळाची झाडे लावण्यात आली. वाळू धरून ठेवणारी मुळे गेल्याने किनाऱ्याची धूप होईल, असा स्थानिकांचा आक्षेप होता. १९९९ मध्ये स्थानिक प्रशासकीय संस्था आणि कार्यकर्ते न्यायालयात गेले. खटला दोन दशकांहून अधिक काळ चालला. २०२२ मध्ये थायलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने वन विभागाने किनाऱ्याचे पुनर्वसन करावे, हा आदेश कायम ठेवला. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या निर्मिती संस्थेने त्यासाठी १ कोटी बाट देण्याचे मान्य केले.

पण मोठे नुकसान नंतरच्या गर्दीने केले. चित्रपटामुळे माया बे जगभर पोहोचला. सुमारे अडीचशे मीटर लांबीच्या या किनाऱ्यावर एकेका दिवसात ५ हजारांपर्यंत पर्यटक येऊ लागले. स्पीडबोटी थेट उथळ पाण्यात शिरत, नांगर प्रवाळांवर पडत, पंख्यांमुळे गाळ ढवळून निघे. प्रवाळ मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले. अखेर जून २०१८ मध्ये किनारा बंद करण्यात आला. सुरुवातीला काही महिन्यांसाठी असलेली ही बंदी वाढत वाढत साडेतीन वर्षे चालली.

बंदीनंतर काय बदलले?

१ जानेवारी २०२२ रोजी माया बे पुन्हा खुला झाला, पण नव्या अटींवर. बोटींना समोरच्या उपसागरात प्रवेश नाही. त्या बेटाच्या मागच्या बाजूला लो सामाह इथल्या धक्क्यावर लागतात आणि तिथून लाकडी पायवाटेने किनाऱ्यावर यावे लागते. एका वेळी किती जणांना सोडायचे याची मर्यादा ठरली. सुरुवातीला ती एका फेरीत ३७५ जणांची होती. पाण्यात पोहण्यास मनाई करण्यात आली. दरवर्षी पावसाळ्यात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये किनारा विश्रांतीसाठी बंद ठेवला जातो.

बंदीच्या काळात प्रवाळांची पुनर्लागवड झाली आणि पंखांची टोके काळी असलेले ‘ब्लॅकटिप रीफ शार्क’ उथळ पाण्यात परतले. आज हे शार्क दिसणे ही उपसागर सावरल्याची खूण मानली जाते. कादंबरीत शार्क येतो आणि नंदनवन संपते, इथे नेमके उलट घडले.

महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रकार अनोळखी नाही. साताऱ्याचे कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांसह जागतिक वारसा यादीत आले. फुलांच्या हंगामात तिथे लोटणारी गर्दी फुलेच तुडवू लागली, तेव्हा प्रवेशशुल्क, ऑनलाइन बुकिंग आणि दिवसाला ३ हजार पर्यटकांची मर्यादा आली. व्यवस्थापनात आसपासच्या गावांतील लोक आहेत. मर्यादा नेहमी काटेकोर पाळली जाते का, हा स्वतंत्र प्रश्न आहे. पण पठार लपवून ठेवणे हा पर्याय तिथेही नव्हता.

मग दोष कुणाचा?

वाचकांच्या तीन उत्तरांपैकी प्रत्येकाला कादंबरीत आधार आहे. रिचर्डने नकाशा दिला नसता तर ते तरुण आले नसते. सॅलने ख्रिस्टोला डॉक्टरकडे पाठवले असते तर कदाचित तो जगला असता. बाकीच्यांनी पाठ फिरवली नसती तर सॅलचे चालले नसते. मात्र तिन्ही ठिकाणी कारण एकच दिसते, ते म्हणजे गुपित. रिचर्डच्या आधी नकाशा मिस्टर डकने दिला होता. या किनाऱ्याची कुजबुज प्रवाशांमध्ये आधीपासूनच होती. रिचर्ड नसता तर आणखी कुणी आले असते. आणि ज्या दिवशी गुपित हाच एकमेव नियम झाला, त्या दिवसापासून जखमी माणूसदेखील धोका ठरणार होता.

‘द बीच’ वाचून आजही कुणी नकाशात नसलेला किनारा शोधायला निघते, तर कुणी तसा किनारा सापडलाच तर फोटो टाकायचा नाही असे ठरवते. दोघेही एकाच गोष्टीवर विसंबून आहेत : आपल्यानंतर कुणी येणार नाही. माया बेच्या व्यवस्थापनाने ती आशा सोडून दिली. लोक येणारच हे धरून किती जण, कोणत्या वाटेने आणि वर्षातले कोणते महिने, हे ठरवले. त्या किनाऱ्यावर आता कुणाला एकांत मिळत नाही. पाण्यात पोहताही येत नाही. पण शार्क परतले आहेत.